दुपारी येणारा संगणक

भाऊ गेल्यावर त्याची वेबसाइट माझ्याकडे आली. त्यानं सोलापूरचे आणि आसपासचे आवाज गोळा केले होते: यंत्रमागाची खडखड, उखळात कुटली जाणारी शेंगाची चटणी, वळसंगला आमच्या घरी थापली जाणारी भाकरी. त्यात मधूनमधून त्याचंही बोलणं आहे. त्याचा आवाज मला आता तेवढाच उरला आहे, आणि तो ऐकायचा मला धीर होत नव्हता. मी फक्त बघायची, तिथं कोण येऊन गेलं ते.

वेबसाइटला एक आतली बाजू असते. पान उघडणाऱ्याचं नाव तिला कळत नाही, पण त्याच्या हातात मोबाईल आहे की समोर संगणक, ब्राउझर कोणता, हे कळतं. खरं तर ब्राउझर स्वतःबद्दल जे सांगेल त्यावर ती विश्वास ठेवते, इतकंच. ग्रंथालयातल्या नोकरीवरून घरी आले की मी ती नोंद उघडायची. बहुतेक मोबाईल असायचे, आल्या पावली परतणारे. आणि रोज दुपारी एक संगणक, भाकरीच्या आवाजाच्या पानावर बराच वेळ थांबलेला.

त्या संगणकाचा मला आधार वाटू लागला. दूरच्या एखाद्या शहरात, डबा खाऊन झाल्यावर, कोणीतरी हे पान उघडत असेल. त्याचा मित्र असेल, किंवा त्यानं घरी कधी न सांगितलेली कोणी. मी तिला मनातल्या मनात एक टेबल दिलं, खिडकी दिली. माझ्यासारखंच त्याच्यासाठी थांबणारं आणखी एक माणूस आहे, या विचारानं दिवस जरा सोपा जायचा.

मग तो संगणक यायचा थांबला. त्याच वेळेला एक मोबाईल येऊ लागला. यायचा, जायचा, लगेच पुन्हा यायचा. मला त्याचा रागच आला. जिची वाट बघत होते ती येत नव्हती आणि हे कोण दार वाजवत होतं?

रविवारी वळसंगला गेले. अव्वा, म्हणजे माझी आई, पायरीवरच बसली होती. आलीस का, एवढंही न म्हणता तिनं आपला फोन माझ्यापुढं धरला.

"तूच बंद केलंस न्हवं?"

"काय गं?"

"त्येचं बोलणं. फोनची काच फुटली म्हून दुकानात दिला, त्यानं आतलं बी समदं पुसून दिलं. पान त्येच्याकडनंच परत लावून घेतलं, पर तवापास्नं नुसतं चित्र दिसतंय. दाबून दाबून बोट दुखलं माझं. तुला ऐकवत न्हाय म्हून मी बी ऐकायचं न्हाय व्हय?"

"अव्वा, मी हातसुद्धा लावलेला नाही."

"मग लाव की! एवढी शिकलीस कशाला?"

पान उघडलं. चित्र होतं, आवाजाचं बटण नव्हतं. मोबाईल ओळखला की वेबसाइटनं आवाज वगळायचा, ही सोय भावानंच केली होती. "गावाकडं रेंज नसती अक्का, पान हलकं पाहिजे," म्हणायचा. आणि स्वतःच्या आईसाठी मात्र त्यानं तिच्या फोनवर 'डेस्कटॉप साइट' या शब्दांपुढं खूण करून ठेवली असणार. त्या खुणेमुळे तिचा फोन आपण संगणक आहोत असं सांगत होता. दुकानात फोन पुसला तशी खूणही पुसली गेली.

दूरचं शहर, टेबल, खिडकी. ती सगळी अव्वाच होती.

मी पुन्हा खूण केली. अक्षरं मुंगीएवढी झाली. अव्वाला ती वाचायची नव्हतीच. बटण कुठं असतं ते तिच्या बोटाला माहीत होतं.

"अव्वा, जरा हळू थाप की. आवाज फाटतोय," भाऊ म्हणाला.

"हळू थापून भाकरी हुती व्हय रे?" फोनमधली अव्वा म्हणाली, आणि पायरीवरचीही, तिच्याबरोबरच. मग थापण्याचा आवाज सुरू झाला. मी भिंतीकडे बघत राहिले.

"रोज हेच ऐकतेस?" मी विचारलं.

"ऐकते कुटं? बोलते की त्येच्यासंगं."

ती खूण परत कधीही जाईल म्हणून मी भावाच्या मित्राला, जो वेबसाइटचीच कामं करतो, सांगितलं की मोबाईललाही आवाज मिळू दे. "मग त्यानं लिहिलेल्या कोडच्या त्या ओळी काढाव्या लागतील, अक्का," तो म्हणाला. त्यानं लिहिलेलं काहीतरी मी पहिल्यांदाच पुसत होते. शेवटी म्हटलं, काढ.

आता नोंद उघडते तेव्हा वाट बघावी असं अनोळखी कोणी उरलेलं नाही. दुपारी तो संगणक येतो आणि तो कोण हे मला ठाऊक असतं. आला नाही की मीच वळसंगला फोन लावते. उचलेपर्यंत एकेक रिंग मोजते.

"जेवत हुते गं," अव्वा म्हणते. "बसते आता."