सुभद्राबाईंचा चढता आलेख

आता गाढवपणाच सांगायचा, तर बारीकसा कशाला सांगू? माझा सगळ्यात मोठाच ऐका. चहा थंड झाला तर झाला.

मी परभणीत समुपदेशक. लोकांच्या मनातलं ऐकून घ्यायचं, हे माझं काम. मागच्या वर्षी पिंगळीच्या एक साठीच्या बाई माझ्याकडं यायला लागल्या. त्यांना सुभद्राबाई म्हणू. (नाव बदललंय. तेवढी अक्कल आता आलीय!) नवरा वारलेला, मुलगा कामासाठी बाहेरगावी, घरात त्या आणि सून. तिसऱ्या भेटीत त्या हळूच म्हणाल्या, "बाई, सून असं टोचून बोलती, की पाय विहिरीकडं वळायलेत. कुणाला सांगू नका."

"छे हो! इथलं बोलणं या भिंतींबाहेर जात नाही," मी छातीठोक सांगितलं.

आणि त्याच आठवड्यात मी एक अ‍ॅप घेतलं! नोंदी आपण टाकायच्या, ते रोज सकाळी पेशंटच्या मोबाईलवर धीराचा मेसेज पाठवणार. वर उत्तरांवरून तब्येतीचा आलेखही काढणार. केवढी सोय!

पहिला मेसेज गेला, 'सुनेचा राग आला की दहा वेळा सावकाश श्वास घ्या.' दुसरा, 'विहिरीचा विचार आला तर लगेच मला फोन करा.'

उत्तरं यायला लागली. आधी नुसतं 'बरं.' मग 'आज बरं वाटायलंय.' पंधरा दिवसांत, 'लय फरक हाय मॅडम, आता यायची गरज न्हाई.' आलेख तर जिना चढल्यासारखा वर! सुभद्राबाई यायच्या बंद झाल्या आणि मी खूश. बरा झालेला माणूस येतो कशाला? आमच्या समुपदेशकांच्या बैठकीत तो आलेख मी पडद्यावर दाखवला. टाळ्या पडल्या हो!

महिन्याभरानं एका लग्नाला पिंगळीला गेले. म्हटलं, आपला चमत्कार डोळ्यांनी बघून येऊ. न विचारता पेशंटच्या घरी जायचं नसतं, तेही विसरले.

दार सुनेनं उघडलं. मी कोण ते सांगितल्याबरोबर तिचा चेहरा उतरला.

"तुमीच का त्या? मॅडम, घरात मोबाईल एकच हाय, अन् तो माझ्याकडं असतो. माझ्याबद्दलचं रोज सकाळी मलाच वाचायला लावलंत की!"

"मग... ती उत्तरं?"

"मीच दिली. दुसरं काय लिहिणार? सुनेच्या जाचानं सासू विहिरीवर निघाली, असं गावभर झालं असतं." मग ती म्हणाली, "ते श्वासाचं तेवढं खरं हाय. मी रोज करायलेय. मला लय फरक पडला."

घ्या! म्हणजे आलेख सुनेचा!

"आणि सुभद्राबाई?"

तिनं आत बोट दाखवलं. परसदाराला कुलूप होतं. विहिरीच्या धास्तीनं सासूला एकटं बाहेर सोडणं तिनं बंद केलं होतं, आणि त्यांच्याशी बोलणंही. सुभद्राबाई भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. अंगानं निम्म्या झालेल्या.

मी जवळ जाऊन बसले. त्यांनी मान वळवली नाही.

"बाई, साऱ्या दुनियेत एकीलाच सांगितलं होतं."

"माझं चुकलं. पण तुम्ही मेसेजला हो म्हणाला होतात ना?" बघा, तेव्हाही तोंडातून बचावच निघाला!

"तुमी म्हणल्या, मी मान हलवली. मला कुठं वाचता येतंय?"

माझ्याकडं त्या परत आल्या नाहीत. मी त्यांना दुसऱ्या एका ताईंकडं पाठवलं, वहीत लिहून ती वही कपाटात ठेवणाऱ्या. आता कुलूप निघालंय. सासू-सून दोघीही त्या ताईंकडं जातात, वेगवेगळ्या दिवशी. अ‍ॅप मी काढून टाकलं.

पण त्या दिवशी क्लिनिकला परतल्यावर मी आधी सुभद्राबाईंचा, अ‍ॅपसाठी घेतलेला संमतीचा कागद शोधला होता. म्हटलं, निदान कागद तरी आपल्या बाजूनं असेल. 'मेसेज वाचता येतात का?' या प्रश्नापुढं माझ्याच हस्ताक्षरात 'हो' होतं. आणि खाली सही नव्हती. निळा अंगठा होता, आणि शाईची डबी मीच पुढं सरकवली होती.