तोंडावर बोट

साताऱ्याच्या शाळेत सुधाकरराव वर्गात शिरले की टाचणी पडली तरी ऐकू यायची. हाताची घडी, तोंडावर बोट! निवृत्तीनंतर ते ऑकलंडला मुलाकडे आले आणि इथली शांतता त्यांच्याच अंगावर आली. मुलगा-सून कामावर गेले की बोलायला कोण? कुंपणापलीकडचे योएल तेवढे होते.

योएल ज्यू, वय ऐंशीच्या पुढे. त्यांचा अभ्यासाचा सोबती नुकताच वारला होता. "तुम्ही बसाल का माझ्यासोबत?" त्यांनी विचारलं. "आमच्या धर्माच्या पाठशाळेला येशिवा म्हणतात. हिब्रूत मूळ अर्थ एवढाच, बसणं."

सुधाकररावांना हसूच आलं. त्यांचा उभा जन्म पोरांना बसायला शिकवण्यात गेला होता. दुसऱ्या दिवशी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, दाराशी काढून ते ताठ बसले. योएल जुना ग्रंथ वाचत, इंग्रजीत अर्थ सांगत आणि थांबून त्यांच्याकडे बघत. सुधाकरराव आदरानं मान डोलवत. शेजाऱ्यांच्या झाडांचा विषय निघाला तेव्हा योएल म्हणाले, फळ कुठेही पडो, ते झाडाच्या मालकाचंच. सुधाकररावांनी तेव्हाही मान डोलवली. योएलचा चेहरा मात्र रोज उतरत गेला. शेवटी त्यांनी ग्रंथ मिटला. "राहू दे. उद्या नका येऊ."

सुधाकररावांना जेवण जाईना. कुठे चुकलं? खोकलासुद्धा दाबून धरला होता! या देशात त्यांची वाट बघणारं ते एकच दार, तेही बंद झालं.

"बाबा, हीप्स विचार करताय तुम्ही, किती तो विचार!" सून इरावती इथल्या बोलीत म्हणाली. "सरळ जाऊन विचारा ना."

ते गेले. योएल थकल्या आवाजात म्हणाले, "तुम्ही मला एकदाही अडवलं नाहीत. माझा सोबती एक वाक्य पुरं होऊ देत नसे. येशिवात समोरासमोर बसायचं ते वाद घालायला. तुमच्यासमोर वाटायचं, मी भिंतीशी बोलतोय."

सुधाकरराव चक्रावले. शिकवणाऱ्याच्या मध्ये तोंड घालायचं? असल्या पोरांना त्यांनी बाकावर उभं केलं होतं! आता खरं काय मानायचं? पण घशाशी अडकलेलं बाहेर पडलंच.

"मग ऐका! झाडांबद्दलचं तुमचं म्हणणं साफ चूक. तुमच्या झाडाचे फीजोआ माझ्या अंगणात पडून सडतात, झाडू मी मारतो, आणि फळ तुमचं?"

आवाज चढल्याचं कळताच त्यांचं बोट आपसूक ओठांवर गेलं. योएलनी त्यांचा हात धरून खाली ओढला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते.

"अखेर बसलात," ते म्हणाले.

सुधाकरराव तर अजून दारातच उभे होते.