‘जादा’ लिहिलेली चिठ्ठी

सगळ्यात जास्त ऋण कोणाचं मानायचं, तर आमच्या तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींचं. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं. त्यातली वस्तू खोलली की प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधायची: कुठून काढला आणि त्याचं काम काय. काम कळलं नाही तर ‘ठाऊक नाही’ लिहायचं. ठोकून दिलं की गुरुजी चिठ्ठी परत द्यायचे.

पुढे घरातला पहिला पदवीधर होऊन मी भांडुपला जुन्या गाड्यांच्या गॅरेजात लागलो. तीन महिने उमेदवारी, मग पक्कं करायचं की नाही ते आमचे उस्ताद ठरवणार. माझ्या वाट्याला मुलुंडच्या एका काकूंची जुनी, चिमुकली मोटार आली. पुढे दोन चाकं, मागे एक. माणसंही दोनच, एकामागे एक बसणारी. दाराऐवजी वर काचेसारखं पारदर्शक झाकण, ते बाजूला कलवून आत उतरायचं. मी प्रेमातच पडलो.

गंमत म्हणजे तिला रिव्हर्स गिअर नव्हता. मागे जायचं तर इंजिन बंद करायचं, किल्ली आणखी आत दाबायची आणि परत चालू करायचं. मग इंजिनच उलटं फिरतं आणि चारही गिअर गाडी मागे नेतात. टू-स्ट्रोक इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात, त्यामुळे त्याला दोन्ही दिशा सारख्याच. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरी इंजिन खोलल्यावर ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट दोन निघाले, तेव्हा मी अडलो. सिलिंडर तर एकच! पण इंजिनिअर झालेल्या माणसाने ‘ठाऊक नाही’ कसं लिहायचं? मी चिठ्ठीवर ‘जादा’ लिहिलं आणि तो पॉइंट डब्यात ठेवला.

उमेदवारीच्या शेवटच्या शनिवारी काकू गाडी न्यायला आल्या. पदर खोचून आत बसल्या आणि फटफट करत गल्लीच्या टोकापर्यंत, थेट भिंतीपाशी गेल्या.

“आता मागे,” म्हणाल्या. किल्ली दाबली. इंजिनाने एक हिसका दिला आणि गप्प झालं. पुन्हा तेच.

“वाट लागली,” उस्ताद म्हणाले. “ए इंजिनिअर, काय काढून ठेवलंस रे?”

मी डबा आणला. उस्तादांनी चिठ्ठी वाचली. “जादा? कोणी सांगितलं तुला?”

“मला वाटलं...”

काकू आतूनच म्हणाल्या, “डोळे पण दोन आहेत ना तुला? एक जादा म्हणून काढू का?”

सगळं गॅरेज हसलं. मीही हसलो आणि तो पॉइंट हातात घेतला. तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. पिस्टन वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडायला हवी. इंजिन उलटं फिरलं की ते ‘आधी’ दुसऱ्या बाजूला जातं, म्हणून त्या बाजूचा पॉइंट वेगळा. मी हे उस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, “मग बघतोस काय? लाव.”

तासाभराने काकूंनी किल्ली दाबली आणि गाडी मागे निघाली. त्यांनी दुसरा गिअर टाकला. “आमचे हे तिसऱ्यातही मागे न्यायचे!” त्या ओरडल्या आणि आम्ही सगळे भिंतीला चिकटलो.

त्या गेल्यावर उस्तादांनी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. “सोमवारी नवीन गाडी येतेय. नीट लिही.” पक्कं झाल्याचं मला असं कळलं.

गुरुजींना फोनवरचं बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रविवारी मी पत्र लिहिलं:

‘गुरुजी, सविनय जयभीम. मी नोकरीत पक्का झालो. त्याआधी एक चूक केली. जिथे “ठाऊक नाही” लिहायचं तिथे “जादा” लिहिलं. ती चिठ्ठी सोबत पाठवत आहे. “जादा” खोडून खाली लिहिलं आहे: काम – इंजिन उलटं फिरताना वेळेवर ठिणगी पाडणे. बरोबर असेल तर ठेवून घ्यावी. नसेल तर नेहमीसारखी परत पाठवावी. आपला विद्यार्थी.’