चाचीची बॅटरी

आमच्या शेजारच्या चाचीची नक्कल मी इतकी हुबेहूब करायचो की तिची मांजरसुद्धा फसायची. "बंद कर रे मेल्या, बॅटरी बसंल!" एवढं म्हटलं की झालं.

तिचा मुलगा कुवेतला. लोडशेडिंग वाढलं तेव्हा त्याने पैसे पाठवून घरावर सोलर बसवून घेतलं. चाची त्या बॅटरीला किती जपायची ते विचारू नका. खाऱ्या वाऱ्याने गंज चढतो म्हणून तारांच्या टोकांना व्हॅसलीन चोपडायची, बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी घालायची. आणि लाईट गेली की स्वतः चिमणी लावून बसायची. सोलरचे दिवे, पंखा, सगळं मुलगा आल्यावर. तो दर वर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी येतो.

एकदा हातखंब्याचा मेकॅनिक बॅटरी तपासायला आला नि म्हणाला, "चाची, नुसती भरून ठेवलीत तरी ही मरते. रोज थोडी वापरा."

त्याच संध्याकाळी लाईट गेल्यावर चाचीने मला हाक मारली. "ये रे, बस जरा. बॅटरी वापरायचीय." दोन्ही दिवे लावलेले, पंखा माझ्याकडे वळवलेला. मी मेकॅनिकची नक्कल केली, ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "आता माझ्या पोराची कर. फोनवर ओरडतो तशी नको हां. घरात बोलायचा तशी."

मी पाय पसरले नि म्हटलं, "अम्मा, चहा ठेव ना."

चाची खरंच उठली आणि आत जाऊन स्टोव्ह पेटवू लागली. मी तिच्या हसण्याची वाट बघत बसून राहिलो.