बैलांपुढे न ठेवलेला भरडा

ही गोष्ट लिहायला मी तीन-चारदा बसलो आणि दर वेळी दुसरंच काहीतरी लिहून उठलो. घरात कोणाला ती ठाऊक नाही. बायकोला शंका होती, पण तिला मी कधी विचारूच दिलं नाही. आता माझं वय झालं आहे, आणि ज्या मुलीवर आळ आला ती अजून तो वागवते आहे. म्हणून लिहितो.

आमचं गाव नांदगाव तालुक्यातलं, मक्याचं. त्या वर्षी कणसं खुडून खळ्यात ढीग घातला आणि परतीच्या पावसानं चार दिवस पाठ सोडली नाही. वर ताडपत्री होती, पण पाणी खालून शिरलं. ढिगाचा तळ उपसला तेव्हा दाणे हिरवट-काळे पडलेले, हातात घेतले की बुरशीचा धुरळा उडायचा. व्यापाऱ्यानं मूठभर दाणे नाकाला लावले आणि खाली टाकले. वरचा माल त्यानं नेला, तळची चार पोती राहिली. फेकून द्यायला जीव होईना. मी तो मका उन्हात वाळवला, गोणपाटावर चोळला, पाखडला आणि चक्कीवरून भरडून आणला. भरडल्यावर रंग कळत नाही. वासही बराच मरतो.

शेजारी आक्का राहायच्या. माझ्याहून मोठ्या. घरात मुलगा, नवी सून आणि एकुलती एक गाय, नुकतीच व्यालेली. आमच्याकडे तेव्हा दुभतं नव्हतं, म्हणून आक्कांची सून रोज सकाळी कडीच्या डब्यातून चहापुरतं दूध आणून द्यायची. शेजाऱ्याचं भांडं आमच्याकडे रिकामं परत जात नाही. कोणी त्यात मूठभर शेंगदाणे घालतं, कोणी चार वांगी. मी म्हटलं, घरात दुभती गाय आहे तर भरडाच घालू. दुधाच्या डब्यासोबत एक बादली आणायला सांगितली आणि रोज ती अर्धी भरून देऊ लागलो. आक्का गावभर माझं कौतुक करायच्या.

एका सकाळी सुनेनं बादलीत हात घालून भरडा नाकाशी नेला.

"आबा, याला कुबट वास येतोय का हो?"

"शिकलेली सून आणली की गाईच्या खाण्यालासुद्धा अत्तर लागतं," मी म्हणालो. माझ्या ओट्यावर गप्पा मारत बसलेले दोघे गावकरी हसले. तीही कसनुशी हसली आणि बादली घेऊन गेली. पुन्हा तिनं विचारलं नाही.

माझ्या बैलांपुढे मी तो भरडा एकदाही ठेवला नाही. त्यांच्यासाठी वरच्या ढिगातला कोरडा मका वेगळा काढला होता. मला काही माहीत नव्हतं असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं, आणि दर वेळी बैल आडवे आले.

तीनेक आठवड्यांत गाईनं वैरण सोडली. दूध आटलं. मान खाली घालून ती भिंतीशी उभी राहायची. गुरांचे डॉक्टर आले तेव्हा शेजारी म्हणून मीही गोठ्यात उभा होतो. त्यांनी पापणी उलटून पाहिली. डोळा हळदीसारखा पिवळा.

"घाणेरीचा विषारी पाला खाल्ला का हिनं? बांधावरचं गवत कोण कापतं?"

"ही कापती," आक्कांनी सुनेकडे बोट केलं.

"मी घाणेरी वेचून टाकते, आई. एक पान येऊ देत नाही."

"गप बस! ध्यान कुठं ऱ्हातं तुझं? सारखं मोबाइलमधी."

डॉक्टरांनी विचारलं, "आणि भरडा कुठला?"

"त्याचं नाव नका काढू, डॉक्टर. तो या भाऊंच्या घरचा हाय. लय देवमाणूस."

बादली रिकामीच होती. डॉक्टर माझ्याकडे वळले. "मका चांगला होता ना, बाबा?"

सून माझ्याकडे पाहत होती. तिला वास आठवत होता, हे मला दिसत होतं. पण सासूदेखत, चार माणसांत, माझ्यासारख्या वडीलधाऱ्याला खोटं पाडणं तिच्याच्यानं झालं नाही.

"चांगला होता," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी गाय गेली. उरलेली पोती मी ओढ्याकाठी खड्डा करून पुरली. वासराला सून शेळीचं दूध बाटलीनं पाजायची, तरी आक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, हिनं माझी गाय घाणेरी घालून मारली. पुढे तिला गोठ्यात पाऊल टाकू देईनात. वर्षाच्या आत नवरा-बायको मनमाडला निघून गेले. आक्का वारल्या, त्याही हेच मनात धरून. नंतर गावातल्या एका शिबिरात ऐकलं की बुरशीचं विष उन्हानं जात नाही, चोळल्यानं जात नाही. मी मागच्या रांगेतून उठून घरी आलो.

गेल्या उन्हाळ्यात मनमाडला तिच्या घरी गेलो. बसमध्ये सगळं पाठ केलं होतं. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला, बायकोची तब्येत विचारली.

"आबा, काही काम काढलं होतं का?"

"नाही गं. इकडे आलोच होतो, म्हटलं डोकावून जावं."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

मला म्हणायचं होतं: पोरी, घाणेरी नव्हती. भरडा माझा नासका होता, तू विचारलंस तेव्हा मला ठाऊक होतं, आणि डॉक्टरांपुढे मी तुझ्या तोंडावर खोटं बोललो. मला माफ कर.