उतरताना चालत

सकाळी दुकानाचं शटर वर ढकलणं आताशा तिच्या जिवावर यायचं. त्याआधी नवऱ्याला उठवायचं, तोंड धुवायचं, लुळा डावा हात शर्टाच्या बाहीत घालायचा, मग कमरेला धरून दोन खोल्या ओलांडत दुकानात आणायचं आणि स्टुलावर बसवायचं. एवढं होईपर्यंत तिचं अंग मोडून आलेलं असे, आणि दिवस तर अजून उगवतच असे.

दुकान सायकल दुरुस्तीचं. मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता दुकानाला टाळं लागणार. पण इतकी वर्षं नवऱ्याच्या हातात पाने देता देता कुठला पाना कशाला लागतो हे तिला पाठ झालं होतं. पंक्चर तिने काढलं, ब्रेक तिने बसवले, आणि वाकडं चाक सरळ करणं, म्हणजे चाकाचा आऊट काढणंही शेवटी तिच्याच गळ्यात पडलं. गिऱ्हाइकं तिला मिस्त्रीणबाई म्हणू लागली. आधी थट्टेने, मग सवयीने.

येणारा जाणारा विचारी, "मिस्त्री कसे आहेत?" समोरचा न्हावी वस्तरा हातात धरूनच विचारी. नणंद फोनवर विचारी, "दादा कसा आहे गं वहिनी?" वहिनी कशी आहे हे विचारायचं कुणाला सुचत नसे. खुद्द मिस्त्रींनाही नाही. आता कुणी विचारलंच असतं, तर तिने "छे, मला काय धाड भरलीय" म्हणून उडवून लावलं असतं, ही गोष्ट वेगळी. पण विचारायला काय जात होतं?

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, डावा पाय हलता राहिला तरच पाय राहील. त्यासाठी एक रबरी पट्टा दिला होता. मिस्त्री त्या पट्ट्याकडे ढुंकून बघत नसत. तिने समजावलं, चिडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. अबोल्याचा काही उपयोग नव्हता, कारण मिस्त्री स्वतःच दिवसाकाठी चार शब्द बोलत. पाय मात्र ताठत चालला होता. तो कायमचा ताठला, तर हे ओझं उरलेल्या आयुष्यभर आपल्याच कमरेवर, आणि कमरेत तेवढा जीव उरलेला नाही, हे तिला पक्कं कळून चुकलं होतं. तिला नवऱ्याची दया यायची आणि रागही यायचा. हल्ली राग जास्त यायचा.

एका दुपारी मिस्त्रींनी उजवा हात वर केला आणि छताकडे बोट दाखवलं. तिथे आकड्याला त्यांची तरुणपणची सायकल टांगलेली होती. दहा गिअरची, खाली वळलेल्या हँडलची. तिच्यावर धुळीचा थर बसला होता.

"काढ," मिस्त्री म्हणाले.

"विकायचीय का?"

"नाही. फिक्स."

तिला आधी कळेचना. मग मिस्त्रींनी चांगल्या हाताने हवेत चाक फिरवून दाखवलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. साध्या सायकलीला मागे फ्रीव्हील असतं, म्हणून पाय थांबवले तरी चाक पळत राहतं. फिक्स सायकलीला तसलं काही नसतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार, आणि पेडलवरचा पाय, त्याच्या मनात असो वा नसो, फिरणारच. उजव्या पायाने ढकलायचं, आणि डाव्याला सायकलच फरफटत नेणार. आता रबरी पट्ट्याला नाक मुरडणारा माणूस याला तयार होता. म्हणजे डोकं शाबूत होतं, आणि खोडही.

नणंदेला कळलं तेव्हा तिने फोनवर आकाशपाताळ एक केलं. "पडला म्हणजे? निस्तरणार कोण?"

"मीच," ती म्हणाली. "आत्तापर्यंत कोण निस्तरतंय?"

मनातून तिला वाटत होतं, हे जमू नये. मिस्त्रींचं वाईट व्हावं असं नव्हे. पण आशा धरायची आणि मग तोंडघशी पडायचं, याचा तिला कामापेक्षा जास्त शीण आला होता.

तरी काम तर करायचंच होतं. गिऱ्हाइकं नसतील तेव्हा ती सायकल घेऊन बसे आणि मिस्त्री स्टुलावरून बोटाने हुकूम सोडत. गिअरच्या तारा निघाल्या, गिअरचे खटके निघाले, मागे लोंबणारी चेन ओढायची दांडी निघाली. मागचं दातेरी फ्रीव्हील वर्षानुवर्षं गंजून जाम झालेलं. ते सोडवताना ती पान्यावर अक्षरशः उभी राहिली. शेवटी ते कड् करून सुटलं आणि ती टायरांच्या ढिगावर जाऊन आपटली. मिस्त्री हसले. किती तरी महिन्यांनी हसले, आणि तेही तोंडाच्या एकाच बाजूने. तिला कोपर चोळता चोळता रडू येईल असं वाटलं, म्हणून ती उगाचच चेन मोजत बसली.

मागच्या चाकाच्या हबवर एकच दातेरी चकती चढवली. चेन कापून बेताची केली. चाक मागे ओढून चेन ताणली. पुढचा ब्रेक ठेवला आणि त्याची मूठ उजवीकडे बसवली. राहिली शेवटची रिंग. चकती आट्यांवर बसते. पेडल पुढे मारलं की आवळत जाते, मागे जोर दिला की सुटते. म्हणून बाहेरून एक रिंग आवळून तिला जखडायचं. पण मिस्त्रींची पद्धत ठरलेली होती. आधी चढ चढायचा, पायाच्या जोराने चकती पक्की बसू द्यायची, मग रिंग. आणि रिंग नाही तोवर उतारावर बसायचं नाही, कारण उतारावर पाय मागे जोर देतात.

"उतरताना चालत," मिस्त्री म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर प्रत्येकाला ऐकवलं होतं.

दुकानाचा दुसरा नियम असा, की जो शेवटची चाकी, म्हणजे शेवटचा नट, आवळेल त्याने पहिली फेरी मारायची. म्हणून ती बसली. सपाट रस्त्यावर न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेली आणि सवयीने पाय थांबवले. पेडलने खालून असा हिसका दिला, की ती जवळजवळ न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन पडली. विसावा म्हणून नाहीच या सायकलीला. ती परत आली आणि म्हणाली, "ही माझ्यासारखीच आहे."

मिस्त्रींनी उठायला हात पुढे केला.

चढ दुकानापासूनच सुरू होई आणि वर वळणावर संपे. तिने मिस्त्रींना बसवलं, डावं पाऊल पेडलला पट्ट्याने बांधलं आणि सीट धरून ढकललं. पहिल्या फेऱ्याला डावा पाय वर अडला. दुसऱ्याला अडखळला. मग उजव्याने जोर दिला आणि डावा, ताठलेला, हट्टी डावा, पेडलबरोबर गोल गेला. पुन्हा गेला. ती सीट धरून मागे पळत होती. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, छातीचा भाता झाला होता, आणि थांबा म्हणायची सोय नव्हती, कारण सायकल थांबली की माणूस आडवा.

"अहो, मला नाही जमत आता," ती म्हणाली आणि तिचा हात सुटला.

मिस्त्री पडले नाहीत. डोलत, तिरके होत, मुंगीच्या पावलाने वर गेले आणि वळणापलीकडे दिसेनासे झाले.

ती चढाच्या मध्यावर गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण श्वास जागेवर येतो न येतो तोच तिला नियम आठवला. उतरताना चालत. या माणसाला चालता कुठे येतंय? इतके दिवस दोघांनी मिळून एकेक चाकी विचार करून बसवली, आणि ही साधी गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नाही. मिस्त्री मात्र नियम मोडणार नाहीत, हे तिला माहीत होतं. वर कुठेतरी पडलेले असतील.

उरलेला चढ ती कशी चढली, तिचं तिला माहीत. पाय उचलत नव्हते. स्वतःला, मिस्त्रींना, फिक्स सायकल शोधून काढणाऱ्याला, सगळ्यांना मनात शिव्या देत ती वळणावर पोचली.

मिस्त्री पडलेले नव्हते. एका कुंपणाच्या भिंतीला सायकल टेकवून, पाऊल पट्ट्यात तसंच, सीटवर बसून होते. तिने पट्टा सोडला, त्यांना उतरवलं. मग मिस्त्रींनी उजव्या हाताने हँडल धरलं, बोटं ब्रेकवर ठेवली आणि सायकलवर भार टाकून एक पाऊल पुढे टाकलं. दुसरं पाऊल फरफटत आलं, पण आलं. ती पलीकडून हँडल धरून होती. सायकल मध्ये आणि दोघं दोन बाजूंना. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच मिस्त्री चालत होते आणि तिच्या कमरेवर काहीच भार नव्हता.

अर्ध्या उतारावर मिस्त्रींनी ब्रेक दाबला. सायकल थांबली. त्यांनी तिच्याकडे बघितलं. शब्द जुळवायला नेहमीसारखा वेळ लागला.

"दमलीस?"

छे, मला काय धाड भरलीय, हे तिच्या ओठांवर तयार होतं. ते आलं नाही.

"हो," ती म्हणाली. "फार दमले हो."

मिस्त्रींनी रस्त्याकडेच्या कठड्याकडे मान वळवली. "बस. रिंग... नंतर."

ती कठड्यावर बसली. सायकलला टेकून मिस्त्री तिच्याजवळ उभे राहिले, आणि खाली शटर सताड उघडं असलेल्या दुकानाकडे दोघांनीही खुशाल दुर्लक्ष केलं.