पहिल्या सीलची मानकरीण

आलाशुआने गावातल्या एकोणीस पोरांच्या नाळा कापल्या. आमच्या उत्तरेच्या बर्फाळ मुलखात जी नाळ कापते आणि बाळाला पहिला कपडा चढवते, ती त्याला घडवणारी. पोराची पहिली शिकार, म्हणजे समुद्रातला सील, तिच्याच दारात येते. एकोणीस पोरांचे एकोणीस सील तिने रांधून गावाला खाऊ घातले. मग सरकारला वाटलं, बाळंतपणं दक्षिणेच्या इस्पितळातच व्हावीत. तेव्हापासून आमच्या पोटुशा बायका महिनाभर आधीच विमानात कोंबून पाठवतात.

मार्चमध्ये तिची लेक सिआसी अशीच गेली. या खेपेला मात्र आलाशुआ हटून बसली, नातवंडाची नाळ मीच कापणार. इस्पितळाने चक्क हो म्हटलं. सशाच्या कातड्याचं टोपडं शिवून ती धावपट्टीवरच्या खोलीत विमानाची वाट बघत येऊन बसली. सोबतीला मी.

चार दिवस! तेच कळकट बाक, तोच करपलेल्या कॉफीचा वास, तुंबलेला संडास. तिकिटाच्या खिडकीत जोआनासी, माझा जुना विद्यार्थी.

“मावशी, आज वारा आहे.”

“काल नव्हता. काल का नाही आलं विमान?”

“काल वैमानिकाच्या कामाचे तास संपले.”

“आणि परवा?”

“परवा आलं की! ढगांमुळे घिरट्या घालून परत गेलं.”

“म्हणजे नाहीच आलं, मेल्या.”

“बाई, तुम्ही तरी समजवा हिला.”

“तुला पास केलं, तीच माझी चूक,” मी म्हणाले. आलाशुआ खदखदून हसली. कशालाही हसते ती, चीड येते मला.

चौथ्या दिवशी दुपारी खिडकीतला फोन वाजला. सिआसी होती. मुलगा झाला, सकाळीच. नाळ कुणा नर्सने कापली.

आलाशुआ या वेळी हसली नाही. टोपड्याची घडी घालून तिने ते पिशवीत ठेवलं आणि फोनमध्ये म्हणाली, “त्या बाईचं नाव विचारून ठेव. पोराचा पहिला सील तिचा.”

“तिची ड्युटी संपली, आई. घरी गेली ती. नाव कुणालाच सांगता येत नाही.”

“मग शोध! दहाबारा वर्षं आहेत तुझ्याकडे.”

“अगं, पण तो सील जाणार कशाने?” मी ओरडले.

“विमानाने,” ती म्हणाली.

विमानाने! म्हणजे याच बाकाखाली पडून सडेल तो.